शंभराला बावीस

उद्यमबागेत अठरा वर्षं
त्यानं पंपांची कवचं ओतली, दुसऱ्या पाळीला.
माल थंड झाला की खिळ्यानं एक टिचकी मारायचा
आणि म्हणायचा, "फुटकं."
इन्स्पेक्टर भिंग लावून तास घालवी,
शेवटी फुटकंच निघे.
पगार हाताचा मिळायचा. कानाचा नाही.

घरी ताटवाट्यांना टिचक्या, खिडकीच्या गजांना टिचक्या.
देवळात घंटा वाजवून, पुजाऱ्यासमोर,
"हिच्यात कथील कमी पडलंय."
मी पदर तोंडाला लावून बाहेर.

मग मजगावच्या आमच्या परसात
अळूच्या वाफ्यावर भट्टी आली.
पहिली घंटा बादलीगत बोलली.
दुसरी बोललीच नाही.
तिसरीनं शेजारच्या मल्लव्वाचं पोर उठवलं
आणि मल्लव्वानं आम्हाला.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी पाणी भरायला गेले
तर कळशी नाही.
आईनं दिलेली, तांब्याची,
पोटाला एक पोचा, वरातीच्या टेम्पोतून उतरताना
माझ्याच हातून पडलेला.
कुठाय म्हटलं.
त्यानं खुंटीकडं बोट केलं.
ओंजळीएवढी होऊन, तोंड खाली करून टांगलेली.
"शंभराला बावीस कथील," म्हणाला,
जशी काय माफी मागायलाय.
"वाजवून तर बघ."

नाही वाजवली.

दुसऱ्या दिवशी कुरबर लगमाण्णा मेंढरं घेऊन दारावरनं चाललेला.
खुंटीकडं बघून म्हणाला, "एष्टु?"
रागानं म्हटलं, साडेतीनशे.
त्यानं घासाघीस न करता मोजले.
त्या रात्री रिकाम्या खुंटीसमोर तो जेवला नाही.
मी जेवले. दोन भाकरी.

आठवड्यानं लगमाण्णा परत,
संगं हुक्केरीचे चौघं.
तसल्याच आवाजाच्या वीस पाहिजेत म्हणे.

असं सुरू झालं.
नोकरी सोडली त्या महिन्यात
मी एकच बेरीज रात्रीत चारदा केली,
चारदा तीच आली.
आता हाताखाली तीन पोरं हायत,
भट्टीला पत्र्याचं छप्पर हाय,
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
मधे घंटेचं चित्र, ते रंगाऱ्यानं कढईसारखं काढलंय.
वही माझ्याकडं.
कान चांगला असला की तो माणसाला फुकट देतो,
म्हणून गिऱ्हाईक आलं की मी त्याला चहा आणायला पाठवते.

चंदगडची मागणी येते, गोव्यातल्या एका हॉटेलची येते.
एकाच मैदानावरच्या दोन शाळांना घंटा दिल्या,
एक मराठी, एक कन्नड,
आवाज इतका सारखा की
एकीची सुट्टी झाली की दोन्हीकडची पोरं पळायची.
दोन्ही हेडमास्तर एकदमच भांडायला आले.
एक घंटा अर्ध्या सुरानं उतरवून दिली.
कुठल्या शाळेची ते अजून सांगितलेलं नाही.

पण त्या पहिलीच्या आवाजाची
दोनशेत एकही झाली नाही.
"तुझ्या आईच्या कळशीत काय होतं गं?" विचारतो.
पाणी, मी म्हणते.

औंदा दिवाळी झाल्यावर
मच्छेच्या रस्त्यानं मेंढरं उतरली.
वही तशीच टाकून मी अनवाणी पळाले.
एडक्याच्या गळ्यात, लोकरीत अर्धी बुडालेली,
घासून घासून पिवळीधमक.
लगमाण्णा, कितीला देतोस?
तीन हजार म्हटलं. पाच म्हटलं.
"कोडंगिल्ल, अक्का," तो हसला.
"कळप हिच्याच मागनं येतो."

ह्यावर काय बोलणार.
मी असते तर मीही दिली नसती.

तो चहाची किटली घेऊन कोपऱ्यावर थांबलेला,
डोळे मिटून.
मी वाकले,
आणि नखानं एकच टिचकी मारली.

सगळी मेंढरं चालायला लागली.